गळ्यातले वळण

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या थोरल्या बहिणीच्या गळ्यावरची गाठ काढायचे ठरले. गाठ जुनीच होती. ताई तिला ‘माझं माणिक’ म्हणे आणि पदर जरा वर ओढून झाकी. पण दोन वर्षांत ते माणिक लिंबाएवढे झाले आणि भजनाला बसली की वरच्या सुराच्या आड येऊ लागले, तेव्हा कुठे ती कबूल झाली. ताई बोरिवलीला राहते, मी घाटकोपरला. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी आणि तिथून लोकलने बोरिवली, हा त्या महिन्यात माझा नित्याचा रस्ता होऊन बसला होता. शस्त्रक्रिया तारीख-वार ठरवून व्हायची होती, घाई कसलीच नव्हती. म्हणून आठ दिवस अगोदर तिला भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे तपासणीस नेले.

मला वाटले होते, बाई प्रथम गाठ पाहतील. त्यांनी गाठीकडे नंतर पाहिले. आधी म्हणाल्या, “मावशी, आ करा. मोठा. जीभ बाहेर काढा. आवाज नको.” मग खालचे दात वरच्या ओठावर आणून दाखवायला सांगितले, मान मागे टाकायला सांगितली, हनुवटीपासून गळ्याच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर बोटांनी मोजले. ताई बिचारी शाळेच्या वैद्यकीय तपासणीला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी एकेक गोष्ट करत होती. शेवटी बाईंनी विचारले, “पूर्वी कधी पूर्ण भूल दिली होती?”

दिली होती. पंचवीस वर्षांपूर्वी पित्ताशयातले खडे काढले होते, दुसऱ्याच एका रुग्णालयात. त्या वेळी ताई शुद्धीवर आली ती वरच्या पुढच्या दाताचा अर्धा तुकडा गमावूनच. घसा आठ दिवस सोललेला. विचारले, तर कुणीतरी सांगितले, “होतं असं कधी कधी.” तेव्हापासून ताई हसताना तोंडावर हात धरते. घरच्यांना त्या हाताची इतकी सवय झाली आहे की तो तिच्या हसण्याचाच एक भाग वाटतो.

हे ऐकून बाईंनी पेन खाली ठेवले. “मावशी, हे तुम्हाला कुणी लिहून दिलं नाही?”

“दात तुटला म्हणून कोण लिहून देतं?” ताई म्हणाली.

“दाताचं नव्हे. तो का तुटला, ते.”

या एका प्रश्नाने मला पुढचे काही महिने वाचायला लावले. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुट्ट्यांत कादंबऱ्या लिहितो. मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेतली, तेवढेच माझे शिक्षण. तेव्हा वैद्यकातले काही सांगण्याचा अधिकार मला नाही. पण कोपऱ्याच्या पलीकडचे कसे पाहावे, हा प्रश्न चित्रकाराचाही आहे, आणि ताईच्या दाताची गोष्ट मुळात तीच आहे.

घरी येऊन मी कागदावर माणसाच्या डोक्याचा बाजूने छेद काढला. तोंडाची पोकळी आडवी जाते आणि घसा उभा खाली उतरतो. दोहोंमध्ये जवळजवळ काटकोनाचे वळण. वळणाखाली दोन वाटा: मागची अन्ननलिका, पुढची श्वासनलिका. श्वासनलिकेच्या तोंडाशी पानाच्या आकाराचे कूर्चेचे झाकण आणि त्याखाली स्वररज्जूंची पांढरी जोडी. गाढ भूल देताना स्नायू सैल पडण्याचे औषध देतात. त्याने श्वासही थांबतो. मग त्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमधून नळी खाली सरकवायची आणि यंत्राने श्वास चालू ठेवायचा. अगोदर काही मिनिटे शुद्ध प्राणवायू हुंगवलेला असतो, त्या शिदोरीवर रोगी थोडा वेळ तग धरतो. तेवढ्या अवधीत नळी योग्य वाटेने गेली पाहिजे. मागच्या वाटेने गेली आणि ते वेळीच उमगले नाही, तर हवा पोटात जाते आणि मेंदू काही मिनिटांत कायमचा दगावतो.

म्हणजे प्रश्न पाहण्याचा. आणि आपली नजर तर सरळ रेषेत चालते.

या वळणापलीकडे ज्याने नीट पाहिले आणि पाहिलेले जगाला सांगितले, तो डॉक्टर नव्हता, शिक्षक होता, ही गोष्ट वाचून माझी छाती थोडी फुगली हे कबूल करतो. मान्वेल गार्सिया हा १८०५ साली माद्रिदला जन्मलेला गायनशिक्षक. बाप नाणावलेला गायक, बहिणी युरोपभर गाजलेल्या गायिका. त्याचा स्वतःचा आवाज मात्र रंगभूमीवर टिकला नाही, म्हणून शिकवायला लागला. येनी लिंड ही स्वीडनची गायिका आवाज बसल्यावर त्याच्याकडे आली आणि आवाज परत घेऊन गेली. पुढे तो लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकवू लागला. आयुष्यभर शिष्यांना ‘असा लावा, तसा लावा’ सांगायचे आणि आवाज जिथून निघतो ती जागा मात्र कधी पाहायची नाही, याची त्याला खंत होती. आपणही फळ्यावर पुष्कळ गोष्टी न पाहताच शिकवतो. पण त्याची खंत आपल्याला होत नाही.

१८५४ च्या सप्टेंबरात सुट्टीसाठी तो पॅरिसला गेला होता. पाले रॉयालच्या बागेत फिरताना खिडकीच्या काचेवरून उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली आणि त्याला एकदम सुचले. तडक वैद्यकीय हत्यारे करणाऱ्या शारिएर यांच्या दुकानी जाऊन त्याने लांब दांडीचा दंतवैद्याचा आरसा सहा फ्रँकला विकत घेतला. आरसा कोमट पाण्यात बुडवून पुसला, म्हणजे श्वासाने त्यावर वाफ धरू नये. मग तो पडजिभेला टेकवला आणि दुसऱ्या हातातल्या आरशाने त्यावर ऊन पाडले. समोर त्याचेच स्वररज्जू उघडमीट करत होते. या आधी एकदोघा डॉक्टरांनी घशात आरसे घालून पाहिले होते, पण गाणाऱ्या माणसाचा आवाज निघताना आत काय घडते ते पाहून, पडताळून मांडले ते गार्सियानेच. १८५५ साली त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. पुढे ट्युर्क आणि चेर्माक या डॉक्टरांनी त्या आरशाला रोगचिकित्सेत आणले आणि पहिला कोण यावर ते भांडत बसले. गार्सिया शिकवत राहिला. १९०५ मध्ये त्याची शताब्दी साजरी झाली तेव्हा सत्काराला आलेल्यांत गवयी होते तसे घशाचे डॉक्टरही होते, आणि सत्कारमूर्ती प्रत्यक्ष हजर होती! एकशेएक वर्षांचा होऊन तो १९०६ साली वारला.

आपल्याकडे गुरूने शिष्याच्या गळ्यात आरसा घातल्याचे ऐकिवात नाही. प्रा. बा. र. देवधर आणि पुढे डॉ. अशोक दा. रानडे यांनी आवाजाच्या जोपासनेचा शास्त्रीय अंगाने विचार केला, तो विसाव्या शतकात. असो, ताईच्या गोष्टीपासून मी फार दूर जाता कामा नये.

आरशात दिसले तरी आरसा नळी घालून देत नाही. ग्लासगोच्या विल्यम मॅकेवेन यांनी १८७८ च्या जुलैत जिभेच्या मुळाशी कर्करोग झालेल्या एका गिलावा करणाऱ्या कारागिराच्या श्वासनलिकेत तोंडावाटे नळी घातली आणि तीतून क्लोरोफॉर्म दिला. रोगी जागा असतानाच घातली, आणि तीही डोळ्यांनी पाहून नव्हे, बोटांनी चाचपून. आधी प्रेतांवर सराव केला होता आणि त्या कारागिराकडूनही नळी सोसण्याची तालीम करून घेतली होती. न्यूयॉर्कचे जोसेफ ओड्वायर घटसर्पाने घुसमटणाऱ्या पोरांच्या घशात अशाच बोटांच्या अंदाजाने आखूड नळ्या बसवीत. आज लशीमुळे घटसर्प हा शब्द पुष्कळ तरुण आयांना ठाऊक नाही. माझ्या आजीला तो उच्चारायलाही नको वाटे.

मग १८९५ मध्ये बर्लिनच्या आल्फ्रेड किर्स्टाइन यांनी वेगळाच विचार केला. वळणापलीकडे आरशाने पाहण्यापेक्षा वळणच सरळ का करू नये? डोके मागे टाकून जीभ पात्याने दाबून उचलली, की तोंड आणि घसा एका रेषेत येतात आणि नुसत्या डोळ्यांनी खालवर दिसते. पुढची शंभर वर्षे जगाने हीच वाट धरली.

पहिल्या महायुद्धाने तिला गती दिली. इंग्लंडात सिडकपच्या रुग्णालयात चेहरे उद्ध्वस्त झालेले सैनिक येत आणि हॅरॉल्ड गिलीज त्यांचे नाक-जबडे नव्याने घडवीत. जिथे शस्त्रक्रिया करायची तिथेच भुलीचा मुखवटा ठेवायचा कसा? आयव्हन मॅगिल आणि त्यांचे सहकारी रोबॉथम यांनी श्वासनलिकेत रबराच्या नळ्या घालण्याचे तंत्र तिथे हातात बसवले. डोके कसे असावे हे मॅगिल सांगत: सकाळची हवा हुंगायला मान पुढे काढावी तसे. १९४२ च्या जानेवारीत माँट्रियलच्या हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी स्नायू सैल करणारे क्युरारे भुलीत वापरले, आणि त्यानंतर नळी ही सोयीची गोष्ट न राहता निकडीची झाली. कारण स्नायूंबरोबर श्वासही भूलतज्ज्ञाच्या हाती आला.

ताईचा दात ज्याने तोडला ते पाते बहुधा रॉबर्ट मॅकिंटॉश यांच्या आकाराचे असावे. जगभर तेच सर्वांत जास्त चालते. हे गृहस्थ न्यूझीलंडचे. मॉरिस मोटारगाड्यांचा कारखानदार लॉर्ड नफिल्ड याला लहानपणी दात काढताना दिलेल्या भुलीची धास्ती बसली होती. मॅकिंटॉशनी दिलेली भूल त्याला इतकी सुखाची वाटली की ऑक्सफर्डला वैद्यकाच्या अध्यासनांसाठी पैसे देताना त्यात भूलशास्त्राचेही अध्यासन हवेच, असा त्याने हट्ट धरला. विद्वानांनी नाके मुरडली. तरी १९३७ साली मॅकिंटॉश तिथे प्राध्यापक झाले. पुढे एकदा टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी तोंड उघडे ठेवणारे साधन बसवताना त्याची वाकडी पट्टी जरा खोल गेली आणि स्वररज्जू लख्ख समोर आले. त्यांनी आपल्या रिचर्ड सॉल्ट या तंत्रज्ञाकडून तशी वाकडी पाती करून घेतली आणि १९४३ साली प्रसिद्ध केली. पात्याचे टोक जिभेच्या मुळाशी, त्या पानासारख्या झाकणाच्या पुढल्या खाचेत टेकवायचे आणि सबंध जीभ पुढे-वर उचलायची. झाकण आपोआप उघडते. डाव्या हातात पाते, उजव्या हातात नळी.

उचलायचे, हे महत्त्वाचे. घाईत, किंवा काहीच दिसेना म्हणून, मनगट मागे वळले की पाते पहारीसारखे काम करते आणि पहारीखालचा दगड म्हणजे वरचे पुढचे दात. ज्याची हनुवटी मागे, मान आखूड आणि तोंड लहान, त्याच्या बाबतीत रेषा सरळ होतच नाही. ताईचे सगळे असेच आहे. कुणाच्या निष्काळजीपणाने तिचा दात गेला, असे मी वर्षानुवर्षे मानत आलो होतो. कदाचित कुणीतरी त्या दिवशी तिचा जीव वाचवण्यासाठी धडपडत असेल. मला चीड आता दाताची नाही. ती ‘होतं असं कधी कधी’ या चार शब्दांची आहे.

अशी अवघड माणसे आधी ओळखता येतील का, याचा शोध पुष्कळांनी घेतला. बॉस्टनला काम करणारे मूळचे आंध्रातले डॉ. शेषगिरी मल्लमपट्टी यांनी १९८५ साली एक अगदी साधी परीक्षा मांडली, तीच बाईंनी ताईची घेतली होती. वाचकांनीही फराळाचे ताट क्षणभर बाजूला सारून आरशासमोर आ करावा आणि जीभ बाहेर काढावी. पडजीभ पुरती दिसली तर वाट बहुधा सोपी. टाळूचा कडक भागच तेवढा दिसला तर अवघड असण्याचा संभव. मात्र घाबरून जाऊ नये; ही परीक्षा अनेकदा चुकते, आणि सोप्या दिसणाऱ्या गळ्यांतूनही काही ऐन वेळी दगा देतात.

दुसरी परीक्षा बोटांची. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावली पाहिजेत. हे मी वर्गात मुलांना गंमत म्हणून करायला सांगितले आणि नववीतल्या एका मुलाची दोनच बोटे गेली. तो हसला, मी हसू शकलो नाही. कारण तेवढ्या वाचनात मला मुंबईचे कान-नाक-घशाचे डॉक्टर एस. जी. जोशी यांचे नाव भेटले होते. सतत सुपारी चघळणाऱ्यांचे गाल आणि टाळू आतून पांढरे, निबर होत जातात आणि तोंड हळूहळू मिटत येते, या रोगाला १९५३ साली त्यांनी जे नाव दिले, त्यातूनच आजचे ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव आले. आदल्याच वर्षी श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच स्त्रियांत तो नोंदला होता. त्या पाचहीजणी भारतीय. एकदा निबर झालेला गाल पुन्हा मऊ होत नाही, आणि काहींच्या तोंडात पुढे कर्करोग होतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पुडी कुठे मिळते हे आमच्या सहावीतल्या पोरांनाही माहीत असते. त्या नववीतल्या मुलाच्या आईला मी बोलावून घेतले. ती म्हणाली, “सर, घरात सगळेच खातात.”

परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हापासून तोंडाच्या कर्करोगाचे रोगी तिथे गावोगावहून येत आहेत. ज्याचे तोंडच उघडत नाही त्याला पाते कुठून घालणार? अशांसाठी नाकातून जाणारा, बोटाहून बारीक, लवचीक दुर्बिणीचा मार्ग आहे, आणि त्याच्या मुळाशी पंजाबातल्या मोगा गावचा एक माणूस आहे. नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनला हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या हजारो केसांएवढ्या तंतूंच्या जुडीतून वाकड्या वाटेने चित्र पाठवता येते, हे १९५४ साली दाखवले. सरळ चालणाऱ्या प्रकाशाला त्यांनी वळण घ्यायला शिकवले, म्हणा ना! १९६७ मध्ये लंडनच्याच पीटर मर्फी यांनी पित्तनलिकेत पाहण्याची अशी दुर्बीण सांधे आखडलेल्या एका रोग्याच्या नाकातून घालून, तिच्यावरून नळी श्वासनलिकेत उतरवली. रोगी जागा ठेवून, घसा बधिर करून, हे काम आजही करतात. त्याला वेळ लागतो, तयार हात लागतो आणि रोग्याची साथ लागते.

पण ताईसारखे जे मधले आहेत, ज्यांचे तोंड उघडते पण वळण सरळ होत नाही, त्यांच्यासाठी खरी सोय एकविसावे शतक उजाडल्यावर झाली. कॅनडातले रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद जॉन पेसी यांनी २००१ साली पात्याच्या टोकाशीच इवला कॅमेरा बसवून ‘ग्लाइडस्कोप’ आणला. डोळा आता ओठांशी राहिला नाही, तो वळणापलीकडे जाऊन बसला. चित्र बाजूच्या पडद्यावर. पाठोपाठ जर्मनीचा ‘सी-मॅक’, स्कॉटलंडचा ‘मॅकग्रा’, स्पेनचा ‘एअरट्रॅक’ अशी भावंडे आली. मूळच्या एअरट्रॅकमध्ये कॅमेरा नाही, लोलक आणि आरसे आहेत. गार्सियाचा आरसा दीडशे वर्षांनी पुन्हा घशात गेला. आणि त्याने कोमट पाण्यात आरसा बुडवला होता तसे ग्लाइडस्कोपच्या भिंगावर वाफ धरू नये म्हणून ते तापते ठेवलेले असते.

या यंत्रांची तीन घराणी मानतात. एकाचे पाते मॅकिंटॉशच्याच आकाराचे: डोळ्यांनीही पाहा, पडद्यावरही पाहा. दुसऱ्याचे पाते फार वाकलेले. त्याने अवघड गळ्यातही स्वररज्जू दिसतात, पण दिसले म्हणजे नळी गेली असे नाही. सरळसोट नळी त्या वळणावर अडते, म्हणून तिच्यात ताठ तार घालून तीही तशीच वाकवावी लागते. तिसऱ्याला पन्हळ असते. नळी तिच्यात बसवायची आणि वाट दिसली की पुढे सारायची, मात्र यंत्र नेमके समोर धरता आले पाहिजे.

कोणते बरे, यावर इतक्या तुलना झाल्या की त्यांची मोजदाद हाच एक उद्योग झाला. कॉक्रेन या संस्थेने २०२२ साली २२२ अभ्यास आणि २६,१४९ रोगी एकत्र करून पाहिले. त्यांत मोठा भरणा ताईसारख्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांचाच होता. तिन्ही घराण्यांनी नळी न जाण्याचे प्रमाण साध्या पात्यापेक्षा कमी केले, असा निष्कर्ष निघाला. २०२४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड रुग्णालयाने हृदय, छाती आणि रक्तवाहिन्यांच्या ८,४२९ शस्त्रक्रियांचा अभ्यास छापला: एकाहून अधिक प्रयत्न फार वाकलेल्या व्हिडिओ पात्याने शेकडा १.७ वेळा करावे लागले, साध्या पात्याने शेकडा ७.६ वेळा. इतके वाचून मी खूश झालो होतो. पण त्याच अभ्यासात पुढे होते की घशाच्या आणि दातांच्या इजा दोन्हीकडे जवळपास सारख्याच, शेकड्यात एकाच्या आसपास. शिवाय आपल्या हातात कोणते पाते आहे हे डॉक्टरला दिसतच असते. मनाचा कल निकालात उतरत नसेल, असे कोण म्हणेल?

पडद्याचा एक दोष तर मजेदार आहे, आणि चित्रकाराला तो चटकन कळतो. नजर पडद्यावर खिळली की हात कुठे चालला आहे याचे भान सुटते. दात आणि कॅमेरा यांच्यामधला टप्पा कुणीच पाहत नसतो. त्या आंधळ्या टप्प्यात नळीने टाळू भोसकल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून शिकवताना सांगतात: आधी तोंडात पाहा, मग पडद्यावर, नळी घालताना पुन्हा तोंडात, मग पुन्हा पडद्यावर. मीही मुलांना हेच सांगतो, आधी वस्तूकडे पाहा, मग कागदाकडे. ते ऐकत नाहीत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी दाराबाहेर बसलो होतो. आत उपकरणे सांभाळायला माझाच एक जुना विद्यार्थी निघाला. त्याची चित्रकला यथातथाच होती, पण पेन्सिली मात्र नेहमी टोक केलेल्या असत. काम आटोपल्यावर तो बाहेर येऊन माझ्याजवळ बसला.

“सर, पूर्वी नळी घालताना आत काय आहे ते फक्त मॅडमना दिसायचं. आम्हाला दिसायचा त्यांचा चेहरा. चेहऱ्यावरून ओळखायचं, काय हातात द्यायचं ते. नव्या शिकाऊ डॉक्टरला तर ‘दिसलं का?’ विचारलं की तो ‘हो’च म्हणायचा.”

“आणि आता?”

“आता सगळ्यांना दिसतं. आज मॅडमनी मुद्दाम त्या पोरीला आधी नुसत्या डोळ्यांनी पाहायला लावलं. ती म्हणाली, ‘झाकणाचं टोक तेवढं दिसतंय.’ मग पडदा आमच्याकडे वळवला. स्वररज्जूंचा मागचा भाग दिसत होता. मॅडम म्हणाल्या, ‘बूजी द्या,’ ते म्हणायच्या आत मी पुढे केली होती.”

बूजी म्हणजे बारीक लवचीक दांडी. आधी ती पांढऱ्या पट्ट्यांमधून घालायची आणि तिच्यावरून नळी ओवायची. भुलीत तिचा वापर मॅकिंटॉशनीच १९४९ मध्ये सुचवला होता. नवा डोळा आणि जुनी काठी. बाहेर येणाऱ्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असल्याची रेघ यंत्रावर उमटली तेव्हा नळी योग्य वाटेने गेल्याची खात्री झाली. पडद्यावर दिसले तरी ही खात्री करतातच.

शिकाऊ डॉक्टर ‘हो’ म्हणतो, हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. वीस वर्षे मी ‘समजलं का?’ विचारतो आहे.

सगळीकडे असा पडदा आहे, असे मात्र नाही. नामांकित कंपन्यांची यंत्रे महाग. २०२० च्या करोनाच्या साथीत रोग्याच्या तोंडापासून डोके दूर ठेवून नळी घालता यावी म्हणून जगभर त्यांचा पुरस्कार झाला आणि ती थोडी पसरली. पाइपात डोकावण्यासाठी बाजारात मिळणारा स्वस्त कॅमेरा मॅकिंटॉशच्या पात्याला बांधून काम भागवल्याचे प्रयोगही आपल्या देशातल्या डॉक्टरांनी छापले आहेत. आणि रक्ताने किंवा थुंकीने भिंग माखले, बॅटरी उतरली, की पुन्हा डावा हात, मॅकिंटॉश आणि सरळ रेषाच कामी येते. नव्या मुलांचे डोळे पडद्यालाच सरावले तर त्या दिवशी काय होईल, ही जुन्या डॉक्टरांची काळजी मला रास्त वाटते. म्हणून त्या मुलीला आधी नुसत्या डोळ्यांनी पाहायला लावले, हे मला पडद्याइतकेच आवडले.

ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशन या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली आपल्या देशापुरते नियम आखून दिले. पाते घालून तीनच प्रयत्न, तेही रक्तातला प्राणवायू शेकडा ९५ च्या खाली नसेल तर. नाकातून प्राणवायू चालूच ठेवायचा. अडले तर मदतीला हाक मारायची. हाक मारण्याचा नियम लिहावा लागतो, यात माणसाच्या स्वभावाचे पुष्कळ काही आले.

चौथ्या दिवशी ताईला घरी सोडले. निघताना बाईंनी नेहमीच्या कागदांखेरीज एक वेगळा कागद दिला, वर इंग्रजीत आणि खाली मराठीत: साध्या नजरेने स्वररज्जू दिसले नाहीत; व्हिडिओ पाते आणि बूजी यांच्या साहाय्याने पहिल्या प्रयत्नात नळी गेली; मुखवट्याने श्वास देणे सोपे होते; पुढे कधीही भूल घेण्यापूर्वी हा कागद दाखवावा. खाली सही, तारीख. ताईने तो दोनदा वाचला आणि जिभेने दात चाचपून पाहिले. सगळे जागच्या जागी होते, जुना अर्धा धरून.

आवाज पंधरा दिवस घोगरा होता. कोजागिरीनंतर काकडआरतीला ती देवळात जाऊ लागली. वरचा सूर अजून चिरकतो, म्हणून खालच्या पट्टीत म्हणते. बायका म्हणतात, असेच बरे लागते. तो कागद रेशनकार्डाच्या डब्यात ठेवायचे ठरले, पण घड्या पडून तो फाटेल म्हणून तिने स्टेशनसमोरच्या दुकानात जाऊन त्याच्यावर प्लॅस्टिक चढवून घेतले. तीस रुपये पडले म्हणून मला फोनवर सांगून कुरकुरली.